नावेतल्या न्हाव्याचा सातवा भाग

गांधीधाम, ९ सप्टेंबर २०२५

मेधाताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत. आईला विचारलं की ती म्हणते, "ओट्याशी आहे रे, हात पिठाचे आहेत." साखरपुड्याला दोन महिने होऊन गेले आणि तुझे हात अजून पिठाचेच आहेत. एवढ्या पिठात सगळ्या देवासच्या पोळ्या झाल्या असत्या. म्हणून हे पत्र. पत्राला ब्लॉक करता येत नाही, पोस्टमन दार वाजवतोच. फाडायचं असेल तर फाड, पण अर्धं वाचून फाड.

मराठी आठवी नापास माणसाचं आहे. शाळा हिंदी, घर मराठी, गल्ली मालवी, आणि आता इथे चारी बाजूंनी गुजराती. जिथे खटकेल तिथे लाल पेन फिरव, तुला तेवढंच बरं वाटेल.

आधी मुद्द्याचं. आई म्हणाली की लग्नात कान पिळायला खंडोजी उभा राहणार. ताई, खंडोजी? आपल्या तिरल्याच्या काकांचा? जो म्हशीला हाकलतानासुद्धा "जरा सरकता का" म्हणतो? तो वीरेंद्र दाजींचा कान पिळणार नाही, पुसून देईल. कानपिळ्या म्हणजे नवरीचा भाऊ. नवऱ्याचा कान धरून सांगायचं असतं की पोरगी एकटी नाही, मागे आम्ही आहोत. बाबांच्या मागे घरात पुरुष म्हणजे मी एकटा, तोही फिरतीवर, मान्य. पण सख्खा भाऊ धडधाकट असताना चुलतभावाने कान धरला तर मांडवात लोक विचारतील की भूपेंद्रला काय झालं. तू काय सांगशील? कार्टूनवरून भांडला?

आता भांडणाचंही लिहूनच टाकतो, कारण तुझ्या धारच्या सासरच्या मंडळींनी तोवर त्याचं काय काय केलं असेल देव जाणे. मी दाजींना शिवी दिली नव्हती. साखरपुड्याच्या पंगतीत तूच म्हणालीस की दाजींना "नावेतला न्हावी" माहीत आहे. मला एवढा आनंद झाला की श्रीखंड ताटात तसंच राहिलं. अख्ख्या माळव्यात ती गोष्ट माहीत असलेली माणसं दोन, तू आणि मी. तिसरा सापडला तो थेट जावई. ज्या जपानात ते चित्रांचं पुस्तक निघालं तिथेही फारसं कुणी वाचलं नाही म्हणतात. सात भागांपैकी सहा कुणा भल्या माणसांनी इंग्रजी करून नेटवर टाकले, सातवा करायला कुणी उरलंच नाही. ते सहा तू मला गच्चीवर बसवून वाचून दाखवलेस. मोबाइलवर पान कुठल्या बाजूने सरकवायचं हे शिकवताना किती चापट्या मारल्यास ते हाताला अजून आठवतं.

आणि गोष्ट तरी केवढी? मोकू न्हावी, त्याची नाव, नावेच्या टोकावर बसणारा बगळा. नदीकाठच्या गावागावांत लोकांचे केस कापत जायचं, आणि पूर्वी एक बाई नावेत लाल कंगवा विसरून गेली, तिला शोधून तो परत द्यायचा. यावर टीव्हीवाल्यांनी दोनदा कार्टून काढलं आणि दोन्ही वेळा कुठेतरी मार खाल्ला. आपण त्यांना आपल्या देवासच्या दोन गाद्यांची नावं दिली. लहानपणी सकाळी हिंदीत लागायची ती थोरली पाती. तेव्हा पुस्तकाचे तीनच भाग निघाले होते, पुढचं यांच्याजवळ नव्हतं, म्हणून यांनी मनानेच शेवट केला. कंगवावाली सापडते, लग्न होतं, बँड वाजतो, बगळा नाचतो. मग मोठेपणी मोबाइलवर आली ती धाकटी पाती. सुरुवात काय, तुपासारखी. पाण्यावरचं ऊन बघूनच डोळे मिटावेसे वाटायचे. पुढे त्यांचे पैसे संपले की धीर संपला, शेवटचे सगळे भाग एका तासात कोंबले, बगळा पुठ्ठ्याचा वाटायला लागला. आणि शेवट म्हणजे काय, तर मोकूचे केस एकदम बारीक कापलेले, तो नावेतून उतरतो, चालायला लागतो, नावेत एकटा बगळा. संपलं.

मी दाजींना म्हणालो, थोरलीच खरी, तिला शेवट तरी आहे. ते म्हणाले, धाकटीच खरी. मी विचारलं, ज्या माणसाने जन्मात स्वतःच्या डोक्याला कात्री लावली नाही त्याचे केस कापले कुणी? दाखवलं का? ते म्हणाले, सगळं दाखवायचं नसतं. तेव्हा माझा पारा चढला. मी म्हणालो, तुम्हाला मोकू काय कळणार, आमची ताई मोकूसाठी रात्र रात्र रडलेली आहे, जेवली नाही, आईने औषधसुद्धा आणलं होतं.

हे वाक्य जरा मोठ्याने निघालं. पलीकडून दाजींच्या काकांनी, जगदेवरावांनी, वाटी खाली ठेवली आणि सावकाश विचारलं, "हा मोकू कोण?" आणि मी गाढवासारखं खरं सांगितलं, "न्हावी आहे. नावेत असतो."

दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती. आई म्हणते त्यानंतर तीन आठवडे तू धारच्या लोकांना बगळा समजावत होतीस. त्याबद्दल तुझा राग मी समजू शकतो. धाकटी पाती मात्र अजूनही अर्धवटच आहे.

आता ऐक. इथे जुन्या कपड्यांच्या गोदामात मी गासड्या फोडतो. परदेशातले टाकलेले कपडे कंटेनर भरभरून येतात, आम्ही निवडतो: लोकरीचं इकडे, पोरांचं तिकडे, फाटकं चिंध्यांत. खिसे तपासायचे असतात. खिशांत काय काय निघतं, वाळू निघते, गोळ्यांचे कागद निघतात. परवा जपानची गासडी होती. एका जाड कोटाच्या आतल्या खिशात काहीतरी टणक लागलं. पुस्तक. त्यावर नावेचं टोक आणि टोकावर बगळा, एक पाय वर.

सातवा भाग आहे, ताई. अक्षर एक कळत नाही, पण तो बगळा मी झोपेतही ओळखेन.

माझा कान मला परत दे. म्हणजे दाजींचा. मग मी तुला सांगतो शेवटी काय झालं.

तुझी संजा सुरू असेल. लग्नाआधीची शेवटची, म्हणजे सोळा दिवस भिंतीवर शेणाची चित्रं आणि गल्लीतल्या पोरींची गाणी. यंदाही शेवटच्या मोठ्या चित्रात, किलाकोटात, कोपऱ्यात बगळा काढ. कुणी विचारलं तर या वेळी तरी नीट सांग.

भूपेंद्र


गांधीधाम, २४ सप्टेंबर

मेधाताई,

पत्र पोचलं. आई म्हणाली तू वाचलंस आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलंस. उत्तर नाही. बरं. जिद्द आपल्या घरात दोघांनाही सारखीच वाटलेली आहे.

तू काही मागितलं नाहीस, तरी मी थोडं सांगून ठेवतो, कारण पोटात राहत नाही. इथे ऐकणारी एकच, जीवीबेन. माझ्या शेजारी लोकरीचं निवडते. कपड्याला नुसता अंगठा लावून सांगते की हा स्वेटर मांजर पाळणाऱ्याचा होता. चहाला बसलो की मी तिला एकेक पान दाखवतो आणि ती फक्त एवढंच विचारते, "पछी?" म्हणजे, मग पुढे?

मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचून बघितलं. त्याने पहिल्या फुग्याचं हिंदी केलं, "नदी के बाल आज नहीं हैं." दुसऱ्याचं, "मैं आपका पूर्व कंघा सम्मान करता हूँ." त्यावर मी मोबाइल खिशात टाकला. चित्रं आहेत की, डोळे आहेत की.

तर ऐक. पुस्तक उघडलं. पहिली बरीच पानं मी सोडून देतो, त्यांत नुसती नदीबिदी आहे, शब्द एक नाही. मग गोष्ट सुरू होते. एक लहान पोरगी नावेत बसलेली आहे, तिच्या केसांत आपला तो लाल कंगवा. मोकू पुढे होतो, तो कंगवा तिच्या केसांतून उपटतो आणि आपल्या खिशात घालतो. पोरगी हसत असते ती गप्प होते. तो तिला हात धरून नावेतून उतरवतो. काठावर एक म्हातारी बसलेली, तिच्यासमोर वाकतो आणि मग, ताई, पाठमोरा न होता उलट्या पावली नावेत जातो आणि पळतो.

मलाही धक्का बसला. सहा भाग आपण ज्याला साधू समजलो तो चोर निघाला. लहान पोरीचा कंगवा.

पुढे तर आणखी विचित्र. गावोगाव लोक त्याच्याकडे डोकं तासून येतात आणि केसाळ होऊन जातात. कात्री लावली की केस उडून डोक्याला चिकटतात. मला वाटतं सातव्या भागात त्याला जादू आली असावी. बगळ्याने उपास धरलेला दिसतो, चोचीतला मासा काढून नदीत सोडतो. एका गावी लग्न आहे, त्यात वरात आधी घरी जाते आणि मग मुलगी बघायला येतात. आणि मोकू म्हातारा होता तो पानागणिक तरुण होत जातो. म्हणजे चोरी त्याला मानवली.

जीवीबेन म्हणाली, "सारो माणस नथी." चांगला माणूस नाही. मी म्हणालो, आमच्या ताईला हे कळवलं पाहिजे, ती त्याच्यासाठी जेवली नव्हती.

तर एकूण, तुझा मोकू असा निघाला. थोरल्या पातीतही तो असा नव्हता. आता मी इथे सगळ्यांना हीच गोष्ट सांगणार आहे, गोदामात साठेक माणसं आहेत, चहाच्या गाडीवर वेगळी. तुझं काही म्हणणं असेल तर कळव.

भूपेंद्र


गांधीधाम, ८ ऑक्टोबर

मेधाताई,

कार्ड मिळालं. ना मायना, ना खाली सही. वर पत्ता आणि मधोमध लाल पेनाने: "उजवीकडून वाच, गाढवा. आणि तोपर्यंत कुणालाही काही सांगू नकोस."

तीन महिने मूग गिळून बसलेल्या बहिणीचा हा पहिला शब्द. कार्ड मी गोदामात खांबाला लावलं आहे. जीवीबेनने विचारलं, काय लिहिलंय. मी म्हणालो, बहिणीने आठवण काढली.

हो का, जपानी पुस्तक उजवीकडून असतं का. बघ, कसं माहीत पडणार अडाणी माणसाला. बरं झालं सांगितलंस. आता नीट बसून उजवीकडून वाचलं. जीवीबेनलाही पुन्हा पहिल्यापासून दाखवलं, तिने त्याला माफ केलं. आता तूही ऐक, या वेळी सुलटं.

मोकूचे केस पांढरे व्हायला लागले आहेत. सहाव्या भागात खांद्यापर्यंत होते ते आता कमरेपर्यंत, दोरी बांधून ठेवतो. हात थोडा थरथरतो. एका गावी तो मुलाच्या कानाला कात्री लावतो, थेंबभर रक्त येतं, आणि दोन पानं तो त्या कात्रीकडे बघत बसतो. गावोगाव फिरतो, केस कापतो, लोक केसाळ येतात आणि सुटसुटीत होऊन जातात, जसं व्हायला हवं. बगळा मासे खातो. आणि एका कोपऱ्यात, माझ्या नखाएवढ्या चौकोनात, लग्न आहे. बँड आहे. म्हणजे थोरल्या पातीवाल्यांनी जे मनाने काढलं ते अगदीच काही चुकलं नव्हतं, फक्त लग्न दुसऱ्याचं होतं. हे दाजींना कळव. किंवा नको, मीच कळवीन.

मग ते गाव येतं. घाटाच्या पायऱ्या बघून मी ओळखलं, दुसऱ्या भागातला तोच घाट. काठावर म्हातारी बसली आहे, तिच्या भुवईजवळ तोच तीळ. कंगवावाली, ताई. इतकी वर्षं शोधली ती. मोकू तिच्यासमोर वाकतो, खिशातून कंगवा काढून दाखवतो. ती बघते, हसते आणि मान हलवते. तिला काही आठवत नाही. कंगवाही नाही, तोही नाही. फुग्यात काय लिहिलं असेल ते असो, चेहऱ्यावर लिहिलंय. अगदी आनंदात आहे ती, फक्त विसरलेली आहे.

मोकू तिला आठवण करून देत नाही. मला वाटलं होतं देईल, मी असतो तर मोठमोठ्याने दिली असती. तो कंगवा पुसतो, म्हातारीची नात शेजारी उभी असते, तिला नावेत बसवतो, तिचे केस विंचरतो आणि कंगवा तिच्या केसांत खोचतो. पोरगी हसते.

हे वाचून मला तू आठवलीस. मला ओट्यावर बसवून, गळ्यात आईचा जुना पदर बांधून, एक डोळा टीव्हीवर ठेवून केस कापायचीस. म्हणून माझा डावा कल्ला कायम वर असायचा. खातेगावला ढाब्यावर होतो तेव्हा आचारी विचारायचा, हा कुठला कट आहे. मी सांगायचो, थोरली पाती.

यापुढे ती शब्द नसलेली पानं आहेत. नदीबिदी म्हणालो होतो ती. ती मी लिहिणार नाही. कानाचं तू कार्डावर काहीच लिहिलं नाहीस. जागा होती.

भूपेंद्र


गांधीधाम, २६ ऑक्टोबर

मेधाताई,

भाऊबीजेचं पाकीट दोन दिवस उशिरा आलं, पण आलं. कुंकू सांडून सगळं पत्र लाल झालं होतं, तरी तुझं लाल पेन वेगळं ओळखू आलं. कुंकू जीवीबेनने लावलं. म्हणाली, बहिणीच्या वतीने. ओवाळायला काही नव्हतं म्हणून तिने माझ्याभोवती जपानी मफलर फिरवला.

तुझे मुद्दे एकेक घेतो.

पहिला, सगळ्या पानांचे फोटो काढून पाठव. नाही. फोटो पाठवला की तू एका बैठकीत उरकशील आणि मी पुन्हा ब्लॉक. पुस्तक मी हातात घेऊन येणार, हातातच देणार. धाकट्या पातीवाल्यांनी उरकलं त्याचं काय झालं ते आपण बघितलंय.

दुसरा, वीरेंद्र दाजींची माफी माग. त्यांना मी फोन केला. तासभर बोललो. पहिली पाच मिनिटं माफी झाली, मग ते म्हणाले की थोरल्या पातीत नदी एका भागात डावीकडे वाहते आणि दुसऱ्यात उजवीकडे. मी म्हणालो, धाकटीत बगळ्याला पापणी नाही. तिथून पुढे काय, वेळ कळलाच नाही. पिथमपूरच्या कारखान्यात त्यांची पाळी सुरू झाली म्हणून ठेवला. माणूस चांगला आहे, ताई. चुकीचा आहे, पण चांगला आहे.

तिसरा, जगदेवराव काकांची माफी. ते फोनवर बोलत नाहीत म्हणालीस, म्हणून पत्र टाकलं. वर "तीर्थस्वरूप" लिहिलं, खाली "आज्ञाधारक" लिहिलं, मध्ये काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं की मोकू हा कागदावरचा माणूस असून माझ्या बहिणीचा त्याच्याशी काही संबंध नाही, संबंध असलाच तर माझा जास्त आहे. त्यांचं उत्तर आलं, मोडीसारख्या अक्षरात, दोन संध्याकाळी लागल्या वाचायला. लिहिलं आहे, "चिरंजीव, खुलासा पावला. चि. वीरेंद्राने सदर न्हाव्याचे चित्र आम्हांस दाखविण्यास आरंभ केला आहे. तूर्त बारावा अंक चालू आहे. त्या बाईने कंगवा मुद्दामच ठेविला असावा असे आमचे मत. आपले मत कळवावे."

थोरली पातीच दाखवतायत ना? धाकटीला बारा अंक नाहीतच, म्हणजे तीच. दाजींच्या मोबाइलवर, दाजींच्याच हाताने. मी काही बोलत नाही.

चौथा मुद्दा. तू लिहिलंस, "तुला उजवीकडून वाचायला मी शिकवलं. आठ वर्षांचा असताना. तू विसरलास म्हणतोस ते मला पटत नाही. आणि विसरला असतास तर 'उलट्या पावली' असं लिहिलं नसतंस." यावर मला काही म्हणायचं नाही. माणूस विसरतो. म्हातारी नाही का विसरली. बाकी मी एवढंच ओळखून आहे की तू भावाला तीन महिने टांगून ठेवू शकतेस, पण कुणी मोकूला चोर म्हटलं तर दोन दिवस नाही.

पाचवा मुद्दा तू पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलास, वाटलं असेल मला दिसणार नाही. "खंडोजीला सांगितलं आहे. तोही सुटल्यासारखा दिसला. हळू पिळ."

हळूचं बघू. रजा मंजूर आहे. आमचा मुकादम रजा देत नव्हता, जीवीबेनने त्याला सांगितलं की पोराला बहिणीच्या नवऱ्याचा कान ओढायला जायचंय. तो कच्छी माणूस, त्याला वाटलं आमच्यात मारामारी आहे. लगेच सोडलं मला.

भूपा


गांधीधाम, ४ डिसेंबर

सौ. मेधाताईस, धार मुक्कामी,

पाकिटावर धारचा पत्ता लिहिताना हात देवासच लिहीत होता, खोडलेलं दिसेल. कालच फोनवर तासभर बोललीस आणि आज पत्र कशाला म्हणशील. तू विचारलंस ते फोनवर सांगण्यासारखं नाही. एकदा पत्राची सवय लागली की लागली.

आधी बाकीचं. मी परत आलो तर जीवीबेन दारातच उभी. म्हणाली, ओढला? मी म्हणालो, ओढला. मग तिला लाडू दिले आणि मोबाइलवर फोटो दाखवले. जगदेवराव काकांचा फोटो बघून विचारते, हे रडतायत का. मी म्हणालो, नाही, हे मला मांडवात कोपऱ्यात घेऊन विचारत होते की धाकटीत बगळ्याला एकटं का सोडलं. अक्षता पडत होत्या आणि आम्ही दोघं बगळ्याचं बोलत होतो. तू अंतरपाटामागून डोळे वटारलेस ते दिसलं मला.

हळदीच्या आदल्या दिवशी तू मला गच्चीवर बसवून केस कापलेस हे बरं केलंस. इथल्या खाऱ्या वाऱ्याने डोक्याचा झाडू झाला होता. या वेळी समोर टीव्ही नव्हता तरी डावा कल्ला वरच राहिला. फोटोंत बघ. म्हणजे टीव्हीचा दोष नव्हताच.

तर आता तुझा प्रश्न. कान पिळताना मी दाजींच्या कानात काय बोललो, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसलेही, आणि आता विचारलं तर ते म्हणतात भूपेंद्रला विचार.

तोपर्यंत तू पुस्तक वाचलं नव्हतंस. पाठवणीच्या वेळी दिलं तुला. आता वाचलंयस, म्हणून लिहायला हरकत नाही. ती शेवटची पानं. म्हातारीची नात उठते, केसांतला कंगवा काढते, मोकूची कात्री उचलते आणि त्याला बस म्हणून खुणावते. तो नको नको म्हणतो. मग बसतो. आणि पुढे पानंच्या पानं, एक शब्द नाही, फुगा नाही, पोरगी त्याचे केस कापते आहे. वाकडे. केस नदीत पडतात, बगळा मान वळवून बघतो. त्याचा चेहरा आपण सात भागांत कधी असा बघितला होता का? कुणाच्या तरी हाताखाली डोकं दिलेला. मग तो पाण्यात वाकून बघतो, उठतो, नाव पोरीला आणि बगळ्याला ठेवून चालायला लागतो. ती पानं वाचायला जपानी लागत नाही, इंग्रजी लागत नाही. जीवीबेनला शाळेचं तोंड माहीत नाही, तिने त्या पानांवर एकदाही "पछी" विचारलं नाही.

म्हणजे धाकटी पाती खरी होती. बारीक केस, एकटी नाव, बगळा, सगळं तसंच. फक्त त्यांनी केस कापणं तेवढं कापलं होतं. हे मला कोटाच्या खिशातून पुस्तक काढलं त्याच दिवशी कळलं होतं, आणि तेव्हापासून मी ते पोटात घेऊन फिरत होतो. समोरासमोर दाजींना सांगायचं माझ्याने झालं नसतं. त्यांचा कान हातात असला की मात्र सांगता येतं.

म्हणून मी कान धरला, जरा ओढला, आणि म्हणालो, "दाजी, तुमची धाकटी खरी निघाली. पण ताईला सांगू नका, तिला उजवीकडून सावकाश पोचू द्या."

ते खुशीत मान हलवायला गेले, म्हणून कान जास्त ओढला गेला. पाणी त्याचं. सगळे ओरडले की भिया, सोड आता, पण मी अजून धरून होतो, कारण त्यांचे ओठ हलत होते. तोंड वाकडं, कान माझ्या हातात, तशातच त्यांनी मला हळूच सांगितलं, "खरं सांगू का, लहानपणी थोरलीतलं लग्न बघून मी रडलो होतो."

मग सोडला.

तुझा,
भूपा